नकाराला जागा

खंडेनवमीला जिची पूजा केली, तिच्या पत्र्यावर वसंतात ग्राइंडर चालवायचा का? हा प्रश्न मला सासूबाईंनी विचारला. रागाने नव्हे, त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. नवरात्रात त्या आमच्याकडे, डेट्रॉईटच्या पश्चिमेकडच्या उपनगरात आल्या होत्या. गॅरेजमधल्या लाल गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक त्यांनीच काढलं, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. पूजा आटोपल्यावर भिंतीशी टेकवून ठेवलेले फायबरग्लासचे फ्लेअर त्यांना दिसले. फ्लेअर म्हणजे चाकावरच्या कमानीला बाहेरून बसवायच्या रुंद पट्ट्या. त्या बसवायच्या तर आतली मूळ कमान कापावी लागते. मी तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, आत्ताच हात जोडले ना आपण हिला? मग शस्त्र कसं लावणार?"

हा प्रश्न मला बाजूला सारता येईना, कारण मी ज्या घरात वाढले त्या घराचाच तो प्रश्न आहे. माझे बाबा पेणचे मूर्तिकार. कारखान्यात गणपतीचं बोट मोडलं तर बाबा ओल्या शाडूचं नवं बोट करतात. सोंडेचा बाक मनासारखा नसेल तर कोरणीने तासून काढतात. मूर्तीच्या मांडीवर ब्रश ठेवतात, तिच्याकडे पाठ करून जेवतात. यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. तीच मूर्ती भाद्रपदातल्या चतुर्थीला कोणाच्या घरी बसली, प्राणप्रतिष्ठा झाली आणि धक्का लागून तेच बोट मोडलं, तर बोलावणं बाबांना येत नाही, गुरुजींना जातं. पुढे उत्तरपूजा होते, मूर्ती जागेवरून किंचित हलवतात, आणि मग तिला पाण्यात सोडता येतं. माती तीच असते. तिच्याशी कसं वागायचं ते मात्र तीनदा बदलतं. मातीच्या बाबतीत आपली रीत इतकी नेमकी आहे, तर पत्र्याच्या बाबतीतही काही नेमकं सापडायला हवं, असं मला वाटलं.

पहिलं उत्तर हाताशी होतंच. शस्त्रपूजा म्हणजे प्राणप्रतिष्ठा नव्हे. खंडेनवमीला आपण कोयत्यात, तराजूत, ट्रकमध्ये देवाला राहायला बोलावत नाही. ज्याच्या जोरावर वर्ष गेलं त्याला नमस्कार करतो. बाबा त्या दिवशी कोरण्या आणि ब्रश पाटावर मांडून पूजतात, आणि कामाला लागताना त्याच कोरणीला दगडावर धार लावतात. धार लावणं म्हणजे लोखंड झिजवणंच. पूजलेलं लोखंड झिजवताना बाबांचा हात कधी अडखळलेला मी पाहिला नाही. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना पटलं नाही, आणि रात्री विचार करताना मलाही ते अपुरं वाटलं. कोरणीला धार लावतात ती कोरणीच्या कामासाठी. मी जे करायला निघाले होते त्यात माझ्या डोळ्यांची हौसही होती.

गाडी माझदा मियाटा, १९९२ ची. हे मॉडेल जगासमोर आलं ते फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात, घडलं हिरोशिमात. दोन माणसांची, उघड्या टपाची, मागच्या चाकांना जोर देणारी, हजार किलोंच्या आसपास वजनाची छोटी गाडी. पुढचे दिवे लावले की पापणी उघडावी तसे वर येतात. तिचे मुख्य अभियंता तोशिहिको हिराई यांनी घोडा आणि स्वार यांचा एकच देह व्हावा ही कल्पना समोर ठेवली होती, आणि आसन, स्टिअरिंग, गिअरची दांडी, सगळं त्या कल्पनेशी ताडून पाहिलं होतं. कठोपनिषदात यम नचिकेत्याला शरीर हा रथ आहे असं सांगतो, तेव्हा त्यात रथी वेगळा, सारथी वेगळा, घोडे वेगळे. हिराईंच्या कल्पनेत ही अंतरं मिटतात. वळणावर ही गाडी चालवताना ते खरं वाटतं; आपण वळायचं मनात आणतो आणि ती वळलेली असते. त्यामुळे माझी अडचण वाढलीच. जी वस्तू कोणीतरी देह म्हणून घडवली होती, तिला मी कापणार होते.

थोडं काम गंजाने आधीच केलं होतं. डेट्रॉईट शहराच्या पोटात, साडेतीनशे मीटर खोल, मिठाची मोठी खाण आहे; आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून मीठच पसरतात. मियाटाच्या टपावरून उतरणारं पाणी आतल्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे, खाली बाहेर पडतं. त्या वाटा पाचोळ्याने तुंबल्या की पाणी पत्र्याच्या पोकळीत साचतं, आणि मिठाच्या संगतीने पत्रा आतून खातं. बाहेरून रंगावर फोड दिसतो तोवर आत भोक पडलेलं असतं. माझ्या गाडीच्या मागच्या दोन्ही कमानींचे काठ असे गेले होते. ते कापावेच लागणार होते. तरीही हे स्पष्ट सांगायला हवं की गंज नसता तरी मला ही गाडी रुंद हवी होती. मूळचे टायर १८५ मिलिमीटर रुंदीचे, चौदा इंची चाकांवरचे. मला पंधरा इंची चाकांवर २२५ चे बसवायचे होते. ती जमिनीवर पाय रोवून उभी राहिलेली मला पाहायची होती. ही इच्छा बाजूला ठेवून केलेला विचार खरा झाला नसता.

मग मी वाचायला लागले. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद, म्हणजे यवन राजा मिनँडर, नागसेन भिक्खूंकडे येतो. नागसेन विचारतात, चालत आलास की रथातून? राजा म्हणतो, रथातून. मग रथ दाखव, असं म्हणत नागसेन एकेक भाग पुढे करतात: आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? यातलं काहीच रथ नाही, आणि हे सगळं वगळून उरतं तेही रथ नाही. या भागांच्या आधारे 'रथ' हा व्यवहार चालतो, एवढंच. माझ्या गॅरेजमध्ये हा संवाद डोळ्यांसमोर घडत होता. मियाटाचं पुढचं मडगार्ड बोल्टवर बसवलेलं असतं; दहाचा पाना घेऊन तासाभरात उतरवता येतं. आतल्या बाजूला गाडीच्या क्रमांकाचा स्टिकर होता. मडगार्ड बाकावर, क्रमांक त्याच्यावर, आणि गाडी पलीकडे उभी.

नागसेनांचं म्हणणं मला खरं वाटतं. पण 'कापू का' या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही. गाडीच्या आत गाडी नावाचं काही दडलेलं नाही, म्हणून तिला कसंही कापावं, असं ठरत नाही. तसं ठरलं असतं तर माणसाबद्दलही तेच ठरलं असतं; कारण नागसेन रथाचा दाखला देत होते ते स्वतःबद्दल, माणसाबद्दल बोलताना. ज्यांनी 'मी' शोधून पाहिला आणि सापडला नाही असं सांगितलं, त्यांनीच मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपून चालायला शिकवलं. म्हणजे जपणं हे वस्तूच्या गाभ्यात काही असण्यावर अवलंबून नसावं.

मला धागा मिळाला तो वराहमिहिराकडे. सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत, मूर्तीसाठी लाकूड आणायला रानात कसं जावं, याचं एक प्रकरण आहे, वनसंप्रवेश. झाड निवडल्यावर रात्री त्याची पूजा करायची, नैवेद्य ठेवायचा, आणि त्या झाडात जे कोणी राहत असतील त्यांना विनवायचं: हा बळी स्वीकारा, आज दुसरीकडे मुक्काम हलवा, आम्हाला क्षमा करा. सकाळी कुऱ्हाडीच्या पात्याला मध आणि तूप लावून ईशान्येच्या बाजूने पहिला घाव घालायचा आणि प्रदक्षिणेच्या क्रमाने तोडत जायचं.

वरवर वाचलं तर ही विनवणी एकतर्फी वाटते. कुऱ्हाड तर आणलेलीच आहे; झाडातल्यांनी नाही म्हटलं तर ऐकणार कोण? पण त्या विनवणीच्या आधी वराहमिहिर एक यादी देतो, कोणती झाडं तोडायचीच नाहीत याची. स्मशानातली, रस्त्याकडेची, देवळाजवळची, तपस्व्यांच्या आश्रमातली, नद्यांच्या संगमावरची. वेलींनी आवळलेली, विजेने होरपळलेली, हत्तींनी मोडलेली. ज्यावर मधाचं पोळं आहे ते. आणि, मला सर्वांत भिडलेलं, कोणीतरी घड्याने पाणी घालून वाढवलेलं झाड. ही यादी म्हणजे झाडांनी आधीच दिलेले नकार आहेत. रानात शिरणाऱ्या सुताराला ते ऐकता यायला हवेत. मगच रात्रीच्या विनवणीला अर्थ येतो. परवानगी मागायची तर नकार मिळण्याची खरीखुरी शक्यता हवी. ती नसेल तर ती परवानगी नव्हे, सूचना झाली.

इथे माझा प्रश्न बदलला. पूजलेली गाडी कापावी का, हे विचारण्याआधी मला हे ठरवावं लागणार होतं: पत्र्याला नाही म्हणता येईल अशी व्यवस्था मी करू शकते का?

घड्याने पाणी घातलेल्या झाडापासून सुरुवात केली. ही गाडी मी ज्यांच्याकडून घेतली ते निवृत्त शिक्षक. त्यांच्या अक्षरातली नोंदवही गाडीसोबत आली होती: कधी तेल बदललं, कधी टप शिवला, कोणत्या हिवाळ्यात गाडी बाहेर काढली नाही. कागदोपत्री गाडी माझी होती, त्यांना विचारण्याचं काही कारण नव्हतं. मी फोन केला. काय काय कापणार आहे ते सांगितलं, आणि तुमची हरकत असेल तर फक्त गंजका भाग बदलून मूळ आकार परत आणीन, असंही सांगितलं. तसं करण्याची माझी तयारी होती, नाहीतर फोन करण्यात काही अर्थ नव्हता. ते बराच वेळ गंजाबद्दलच विचारत राहिले. कुठून सुरू झाला, नळ्या तुंबल्या होत्या का. मग म्हणाले, काप, पण रंग लालच ठेव. मी गडद हिरवा ठरवला होता, नमुन्याची पट्टीही आणली होती. गाडी लाल आहे.

दुसरा नकार खुद्द गाडीचा. मला बॉनेटवर गरम हवा बाहेर पडायला खाचा पाडायच्या होत्या. मियाटाचं बॉनेट ॲल्युमिनियमचं, दुपदरी: वर गुळगुळीत पत्रा, खाली बरगड्यांचा सांगाडा. बॉनेट उघडून, वरून जिथे खाचा हव्या होत्या त्या खुणा मी खालच्या बाजूला उतरवल्या. त्या बरोबर बरगड्यांवर आल्या. त्या बरगड्या वाऱ्याच्या दाबाला आणि टकरीच्या वेळी पत्रा कसा दुमडेल त्याला बांधलेल्या असतात. सरकवून पाहिल्या, लहान करून पाहिल्या. लहान केल्या तर हवेला उपयोग नाही, सरकवल्या तर डोळ्याला खटकतात. बॉनेटने नाही म्हटलं होतं. ते जसं हिरोशिमातून आलं तसंच आहे.

हे सगळं लाक्षणिक आहे, गाडी काही बोलत नाही, असं कोणी म्हणेल. माझं रोजचं काम नव्या गाड्यांची दारं आणि मडगार्ड यांच्यातल्या फटी मोजण्याचं आहे. धातू काही सांगत नाही, असं मी मानूच शकत नाही. तो फार बोलतो, फक्त त्याला विचारावं लागतं, आणि विचारायची पद्धत म्हणजे मोजमाप. फ्लेअर चिकटपट्टीने नुसता लावून ठेवायचा आणि रस्त्यापलीकडे जाऊन पाहायचं. चाकाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखी अंतरं घ्यायची. घेतली, तर कळलं की कारखान्यातून आलेल्या कमानीच डावी-उजवीकडे एकमेकींपेक्षा किंचित वेगळ्या आहेत. मग फ्लेअर टेपला धरून लावायचा की त्या बाजूच्या अंगरेषेला? मी अंगरेषेला धरून लावला. कमानीच्या माथ्यावर पहिलं भोक, मग दोन्ही टोकं, मग मधली. प्रत्येक भोकात आधी तात्पुरती पकड, जी बोटांनी काढता येते. तसे फ्लेअर लावून गाडी कित्येक आठवडे उभी होती. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात एक बाजू जड वाटली, ती उतरवून पुन्हा लावली. जपानमध्ये आकिरा नाकाई नावाचे कारागीर आहेत, पोर्शे ९११ च्या कमानी कापून रुंद करण्यासाठी जगभर ओळखले जाणारे. ते हे सगळं नजरेने करतात, आणि पुऱ्या झालेल्या प्रत्येक गाडीला नाव देतात. त्यांच्या करवतीचा आवाज ऐकून अनेकांना धसका बसतो. मला वाटतं, इतकी वर्षं पाहून पाहून त्यांची नजरच विचारणारी झाली असावी. माझी तशी नाही, म्हणून मला चिकटपट्टी लागते.

फायबरग्लासचं काम सुरू झालं तेव्हा मी बाबांना व्हिडिओवर दाखवलं. साच्यातून काढलेला फ्लेअर मागच्या बाजूने खडबडीत असतो, काचेचे धागे आणि घट्ट झालेलं रेझिन. प्लास्टरच्या मूर्तीत आतून काथ्या घालतात, तसंच हे. नुसतं प्लास्टर तडकतं, नुसता काथ्या उभा राहत नाही. बाबांनी फ्लेअर मोबाईलच्या पडद्यावर जवळ धरायला लावला आणि म्हणाले, "बाय, टोकाला धागा नीट दाबलेला नाही. तिथून सुटेल." खरंच तिथे पोकळी होती. मी तो भाग घासून, नवा थर दाबून भरून घेतला. हे घासणं पाणी मारत, आणि बारीक धूळ अडवणारा मास्क लावून करावं लागतं. काचेची धूळ कातडीत रुतते आणि छातीतही.

कापण्याच्या आदल्या रात्री मी सुपारी मांडली, हळदकुंकू वाहिलं, दूधसाखरेची वाटी ठेवली. संस्कृत मंत्र म्हटला नाही, मराठीत बोलले. हिरोशिमातल्या ज्या हातांनी हा पत्रा दाबला, वळवला, जोडला, त्यांना सांगितलं की यातला इतका भाग उद्या जाईल. शिक्षकांच्या हिवाळ्यांना सांगितलं. सासूबाई तोवर अकोल्याला परतल्या होत्या. त्यांना कळवलं तर म्हणाल्या, "मग ठीक आहे. विचारलंस ना." त्यांचा प्रश्न तिथे मिटला.

सकाळी डिकीतली बॅटरी काढून बाहेर ठेवली. या गाडीत ती मागे उजवीकडे असते. पेट्रोल भरायचं तोंड मागे डावीकडे, म्हणजे ठिणग्या तिथून फार लांब नाहीत. तिथे आगरोधक चादर, हाताशी अग्निशामक. फ्लेअरच्या आतून पेन्सिलीची रेघ मारली होती, कापायची रेघ तिच्याही आत, खाली. मागची कमान दुपदरी असते: बाहेरचा पत्रा आणि चाकाची आतली पेटी, काठाला एकत्र जोडलेले. कापलं की दोन्ही सुटतात आणि मधली पोकळी उघडी पडते. बरेच जण इथे थांबतात. फ्लेअर वरून बसतो, बाहेरून सगळं छान दिसतं, आणि आतल्या उघड्या पोकळीत पहिल्याच हिवाळ्यात मीठ शिरतं. नीट करायचं तर आतल्या पत्र्याला कात्रीने चिरा देऊन पाकळ्या करायच्या, एकेक पाकळी हातोडीने वर वळवून बाहेरच्या पत्र्याला टेकवायची, वेल्डिंग करायचं, इपॉक्सी प्रायमर, मग सांधा बंद करणारा मसाला, आणि पोकळीत मेण फवारायचं. कापायला एक सकाळ पुरली. बंद करायला त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं आणि घासणं. घासण्याआधी पृष्ठभागावर काळी पूड फिरवतात. पेपर फिरवला की उंचवट्यांवरची पूड जाते आणि खड्ड्यांत राहते. तळहात जे सांगतो ते ही पूड डोळ्यांना दाखवते. रंग मात्र मी घरी मारला नाही. त्या रंगाच्या हार्डनरमधली आयसोसायनेटं फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात, आणि आमच्या गॅरेजला लागून शेजारच्यांच्या मुलाची खिडकी आहे. तोही एक नकारच होता. रंग, हवा ओढून घेणारं बंदिस्त दालन असलेल्या दुकानात मारून घेतला.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ जुन्या गाड्या मूळ रूपात परत आणतात. त्यांना माझं काम पाहवलं नाही. मूळ ते मूळ, एकदा कापलं की जगातून एक अस्सल नग कमी झाला, हे त्यांचं म्हणणं, आणि त्यामागची कळकळ मला मान्य आहे. पण मूळ कुठे थांबतं? १९५१ ची एक मर्क्युरी मोटार बॉब हिरोहाता नावाच्या तरुणाने कॅलिफोर्नियात बॅरिस बंधूंकडे नेली. त्यांनी टप कापून खाली आणला, दारांचे हँडल काढले, सांधे शिशाने भरून अंग एकसंध केलं. त्या काळी लांबीऐवजी शिसं वितळवून भरत. वराहमिहिरानेही आठ भाग शिसं, दोन भाग कासं आणि एक भाग पितळ यांचा एक सांधा सांगितला आहे, मय या पुराणातल्या शिल्पकाराच्या नावाने, वज्रसंघात. ती हिरोहाता मर्क्युरी २०१७ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली. आज तिचा कापलेला टप हेच तिचं मूळ रूप आहे. तो कोणी सरळ करायला निघालं तर जग त्याचा हात धरेल.

देवांच्या बाबतीतही हे आपण पाहतो. वणीच्या सप्तशृंगीवरचा शेंदराचा जाड थर २०२२ मध्ये काढला आणि खालचं कोरीव रूप दिसलं. ज्यांनी जन्मभर शेंदराची आई पाहिली होती त्यांनी नवरात्रात गड चढून या रूपापुढेही डोकं टेकवलं. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढवणाऱ्यांनी मूळ रूप बिघडवलं, असं मी म्हणू शकत नाही. आणि तो काढणाऱ्यांनी देवीला हात लावला, असंही नाही. २०२० मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाच्या मूर्तीवर पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी झीज थांबवणारा लेप दिला. बृहत्संहितेत वज्रलेपाची कृती आहे: कच्ची टेंभुर्णी आणि कवठं, सावरीची फुलं वगैरे पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायची आणि त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेल मिसळायचे. हा लेप कोटीभर वर्षं टिकतो, असं वराहमिहिर म्हणतो. या लेपामागची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: घडवलेल्या रूपाला कोणीतरी नंतर हात लावणार, हे त्याने धरूनच चाललं आहे. हात लावू नये असं तो सांगत नाही. कोणाला, कधी, काय विचारून, आणि नंतर काय बंद करून, एवढं सांगतो.

म्हणून पूजेबद्दल माझी समजूत अशी झाली आहे. पूजेने गाडी गोठली नाही, तिचा आकार पवित्र होऊन बंद झाला नाही. बांधली गेले ती मी. ज्याला हात जोडले त्याला न विचारता काही करण्याची मुभा मी त्या दिवशी सोडली. विचारून केलं त्याची देखभाल आता माझी. मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची दरवर्षी तपासणी होत नाही. चाक कमानीबाहेर किती आलं, ते मागच्या गाडीवर खडे उडवतं का, वळताना टायर घासतो का, हे कोणी येऊन विचारणार नाही. ते मीच विचारायचं. मीठ पसरायला सुरुवात झाली की गाडी बाहेर जात नाही, आणि वसंतात चाकं काढून आतल्या सांध्यावर दिवा धरून पाहते.

पेणला माझा चुलतभाऊ आहे, त्याने हे फोटो पाहिले आणि त्याच्या छोट्या गाडीलाही फ्लेअर लावायचं ठरवलं. मी त्याला नको म्हटलं. भारतात मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. तो म्हणाला, "ताई, तुला तिथे चालतं आणि मला इथे नाही. मग धर्म काय विमानात बसलं की बदलतो?" प्रश्न योग्य आहे. मी त्याला सांगितलं की विचारणं तेच राहतं, कोणाला विचारायचं ते बदलतं. पेणच्या बाजारात त्याच्या चाकापासून वीतभर अंतरावरून शाळेची मुलं चालतात, आणि कायदा त्यांच्या वतीने नाही म्हणतो आहे. त्याला हे पुरेसं वाटलेलं नाही. त्याच्या मते कायदा कारखानदाराच्या वतीने बोलतो, मुलांच्या नव्हे. गणपतीत मी पेणला जाणार आहे, तेव्हा बाबांच्या कारखान्यात बसून हे भांडण पुढे चालेल. त्याच्या गाडीच्या मागच्या कमानी मात्र मी दिवा धरून तपासणार आहे. अलिबागच्या खाऱ्या वाऱ्यात तो रोज ये-जा करतो आणि पाण्याच्या वाटा त्याने कधी मोकळ्या केलेल्या नाहीत.